शीव, बीट की पाणलोट: कोकणात सामाईक हद्द कोणती धरायची?

सावित्रीच्या मुखाशी उत्तरेला हरिहरेश्वर, दक्षिणेला बाणकोट. खाडी एकच, भरती-ओहोटी एकच. पण उत्तर काठ रायगड जिल्ह्यात आणि दक्षिण काठ रत्नागिरीत. महसुली हिशेबात दोन्ही जिल्हे कोकण विभागातच येतात. वनखात्यात मात्र रायगडचे अलिबाग आणि रोहा हे वनविभाग ठाणे वनवृत्तात, तर रत्नागिरीचा चिपळूण वनविभाग कोल्हापूर वनवृत्तात. उगम म्हणावा तर महाबळेश्वरला, म्हणजे सातारा जिल्हा आणि पुणे महसूल विभाग. या एका नदीच्या खोऱ्याचा आराखडा करायचा तर तीन जिल्हाधिकारी, दोन विभागीय आयुक्त आणि दोन मुख्य वनसंरक्षक एका कागदावर आणावे लागतात. भूजल, मृद-जलसंधारण, खारभूमी, मत्स्यव्यवसाय आणि मेरीटाइम बोर्ड यांच्या खुर्च्या वेगळ्याच.

अशा बैठकीत कुणीतरी म्हणतंच, ‘सगळ्यांनी एकच हद्द धरूया.’ माना डोलतात, पण कोणती हद्द यावर गाडी अडते. तालुका किंवा खोरे पातळीवर हा निर्णय ज्यांना घ्यायचा आहे (जिल्हा नियोजनातली माणसं, पंचायत समित्या, आराखडे करून देणाऱ्या संस्था) त्यांच्यासाठी उपलब्ध पर्यायांची ही तुलना.

आधी भूगोल: शीव पाण्याने जाते, पाणलोट धारेने

कोकणात गावाची शीव बऱ्याच ठिकाणी व्हाळ, पऱ्या, नदी किंवा खाडीच्या मधून जाते. पाणलोटाची हद्द त्याच्या बरोबर उलट, डोंगराच्या धारेने जाते. गावासाठी जी कड, ती पाणलोटाचा मध्य. म्हणून खाडीकाठचं जवळजवळ प्रत्येक गाव आपल्या पाणलोटाचा अर्धाच तुकडा घेऊन बसलेलं असतं आणि उरलेला अर्धा समोरच्या काठावरच्या गावाकडे, कधी समोरच्या तालुक्याकडे, सावित्रीसारख्या ठिकाणी थेट समोरच्या जिल्ह्याकडे असतो.

सह्याद्रीच्या पायथ्याला चित्र बदलतं. तिथे गावांच्या शिवा बऱ्याचदा डोंगरधारेनेच जातात. पोलादपूर, संगमेश्वर, वैभववाडीच्या वरच्या अंगाला गावांचे गट करून पाणलोट बऱ्यापैकी जुळवता येतो. खाली मुरुड, गुहागर, देवगडकडे तोच प्रयोग फसतो. त्यामुळे अख्ख्या जिल्ह्याला एकच नियम लावायची घाई नको.

कोणती रेघ हलवता येते आणि कोणती नाही

‘हद्दी जुळवणे’ या शब्दाखाली तीन वेगळी कामं दडलेली असतात: कायदेशीर रेघ हलवणं, कामाच्या वाटपाची रेघ हलवणं, आणि रेघा जागच्या जागी ठेवून त्यांचा मेळ कागदावर मांडणं.

पहिलं जवळपास विसरूनच जावं. महसुली गाव, तालुका, जिल्हा यांच्या हद्दीत बदल करायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४ खाली राजपत्रात अधिसूचना लागते. त्यातच जनगणनेसाठी देशभरच्या प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ रोजी गोठवल्या आहेत, त्या ३१ मार्च २०२७ पर्यंत तशाच राहणार. राखीव वनाची हद्द भारतीय वन अधिनियम १९२७ खालच्या अधिसूचनेने ठरलेली असते, ती केंद्राच्या मंजुरीशिवाय हलत नाही. अभयारण्याच्या हद्दीला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. ग्रामपंचायत तर वेगळ्याच कायद्याखाली, १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली जाहीर होते. म्हणून एका गट ग्रामपंचायतीत तीन-चार महसुली गावं असू शकतात, आणि ‘गाव’ हा शब्द एकाच बैठकीत दोन अर्थांनी फिरत राहतो.

दुसरं काम शक्य आहे आणि बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. वनरक्षकाचं नियतक्षेत्र म्हणजे बीट, वनपालाचं परिमंडळ, कृषी खात्याचं मंडळ, जलसंधारणाचे उपविभाग ही खात्यांनी आपापल्या सोयीने केलेली वाटणी आहे. त्यातली काही पुनर्रचना खात्याच्या आदेशाने होऊ शकते. एखादं बीट दोन तालुक्यांत पसरलं असेल तर त्याची फेररचना करणं हे जिल्ह्याची हद्द हलवण्यापेक्षा शंभर पटीने सोपं.

तिसऱ्या कामाचा तपशील पुढे आहे, कारण खरी मेहनत तिथेच आहे.

महसुली गाव धरलं तर

फायदा उघड आहे: प्रत्येक खात्याला शेवटी गावाकडेच यावं लागतं. सातबारा, आठ-अ, वित्त आयोगाचा निधी, ग्रामपंचायत विकास आराखडा, लोकजैवविविधता नोंदवही, सगळं गावाशी किंवा गावांच्या गटाशी बांधलेलं. कोड तयार आहे. स्थानिक शासन निर्देशिकेतला गावाचा सहा अंकी कोड हा २०११ च्या जनगणनेतलाच कोड आहे, त्यामुळे लोकसंख्या जोडायला वेगळा खटाटोप नाही. नावाने जोडणी करू नका. नांदगाव कणकवलीतही आहे आणि मुरुडलाही. खुर्द-बुद्रुक, तर्फ, ऱ्हस्व-दीर्घ यांत संगणक कुठे घसरेल सांगता येत नाही.

तोटा नकाशात आहे. कोकणातले मूळ गाव नकाशे आणि टिपणं (मोजणीच्या मापांच्या नोंदी) शंकू साखळीच्या मोजणीवर उभी आहेत. शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा साधारण ६३ सेंटिमीटर. टिपणावर ‘६-४’ लिहिलं असेल तर ते सहा साखळ्या चार आणे, म्हणजे २०६ फूट ३ इंच, सुमारे ६२.९ मीटर. हेच कुणी दशांश समजून ६.४ साखळ्या धरलं की २११ फुटांच्या वर जातं आणि एका रेषेत दीड मीटरची चूक बसते. एका बांधाला दीड मीटर म्हणजे मारामारी, गावाच्या शिवेला दीड मीटर म्हणजे काहीच नाही. चूक कुठे चालते आणि कुठे नाही, हे कामाच्या हेतूवर ठरतं. टिपण वाचणारा माणूस उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून मागून घ्यावा, नुसत्या संगणक चालकावर सोडू नये.

आणखी एक खाच. उतारावर साखळी आडवी न धरता जमिनीलगत ओढली गेली असेल तर अंतर जास्त भरतं. ३० अंशांच्या उतारावर हा फरक १५ टक्क्यांच्या आसपास जातो. त्यामुळे घाटाखालच्या गावांत आकारबंदातलं (गावाच्या क्षेत्र-आकारणीच्या नोंदीतलं) क्षेत्र आणि नकाशावरून काढलेलं क्षेत्र जुळलं नाही तर लगेच नकाशाला दोष देऊ नका. खाडीकाठच्या गावांत कारण वेगळं: खाडीचं पात्र आकारबंदाच्या बेरजेत नसतं, पण नकाशातल्या बहुभुजात बऱ्याचदा अर्धं ओढलेलं असतं. ढोबळ नियम असा ठेवावा की फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जायचं, दहाच्या वर असेल तर थांबून कारण शोधायचं, आणि मधल्यांवर खूण करून ठेवायची.

एवढं सगळं असूनही निधी आणि जबाबदारीच्या कामासाठी महसुली गावाला पर्याय नाही. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यासारख्या पेसा (आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा) क्षेत्रात मात्र सावध राहा. तिथे २०१४ च्या नियमांनुसार पाडादेखील स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो, आणि वनहक्क कायद्यातली सामूहिक वनसंपत्ती पारंपरिक सीमेने ठरते. ती सीमा महसुली शिवेशी जुळेलच असं नाही, आणि ती जुळवायचीही नसते.

पाणलोट धरलं तर

पाण्याच्या प्रश्नाला पाण्याचीच हद्द लावावी, हा युक्तिवाद बरोबर आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने पूर्ण राज्याची पाणलोटांत विभागणी केलेली आहे. कोकणातले पाणलोट पश्चिमवाहिनी नद्यांच्या ‘डब्ल्यूएफ’ मालिकेत येतात. एकात्मिक पाणलोट कार्यक्रमाने एक ते पाच हजार हेक्टरांचे सूक्ष्म पाणलोटांचे गट धरले होते, आणि सलग समतल चर, गॅबियन बंधारे, वनराई बंधारे कुठे घ्यायचे हे त्या मापावर छान ठरतं. माथा ते पायथा हा क्रम गावाच्या हद्दीत बसतच नाही. जलयुक्त शिवार गावनिहाय राबवल्यामुळे वरच्या गावात काम नाही आणि खालच्या गावात बंधारा गाळाने भरला, अशी उदाहरणं घडू शकतात, ती याच कारणाने.

पण कोकणात पाणलोटाची रेघ चार ठिकाणी फसते.

पहिलं ठिकाण सडा, म्हणजे जांभ्याचं सपाट पठार. ३० मीटर जाळीच्या उंची-आराखड्यावरून पाणलोट काढला की डोंगरात तो नीट येतो. राजापूर-देवगडच्या कातळावर, जिथे अर्धा किलोमीटर चालूनही उंचीत मीटरभर फरक पडत नाही, तिथे संगणकाने काढलेली धार म्हणजे निव्वळ अंदाज. चिऱ्याची एखादी खाण किंवा रस्त्याचा भराव पाण्याची दिशा बदलून टाकतो. अशी धार पावसाळ्यातच पायी फिरून पक्की करावी. जुलैतल्या दोन दिवसांत जे कळतं ते मे महिन्यात महिनाभर बसून कळत नाही.

दुसरं म्हणजे जांभ्याखालचं पाणी. कातळात पडलेला पाऊस खाली मुरतो, जांभ्याखालच्या चिकणमातीच्या थरावर अडतो आणि कड्याच्या कुशीत झऱ्यांनी बाहेर येतो. हा झरा वरच्या धारेच्या पलीकडच्या पाण्यावर चालत असू शकतो. झऱ्यांवर नळयोजना बेतणाऱ्यांनी पृष्ठभागाच्या पाणलोटावर विसंबून चालणार नाही.

तिसरं, खार जमीन. बांध आणि उघाडी असलेल्या भागात पाणी दिवसातून दोनदा दिशा बदलू पाहतं, आणि उघाडीची झडप ठरवते ते कुठे जाणार. तिथे ‘खालचं गाव’ आणि ‘वरचं गाव’ या शब्दांना अर्थ नाही. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात बांधाने वेढलेली खारभूमी योजना हेच खरं एकक.

चौथं, परक्या खोऱ्यातलं पाणी. कोयनेचं पाणी कृष्णा खोऱ्यातून पोफळी-कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत उतरतं. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला दिलेली मर्यादा ६७.५ टीएमसीची. तसंच मुळशीचं पाणी भिऱ्याला कुंडलिकेत येतं आणि लोणावळा-वळवणचं खोपोलीला पातळगंगेत. या तीन नद्यांच्या खोऱ्यांचा जललेखा नुसत्या पाणलोट क्षेत्रावर पाऊस गुणून मांडला तर उत्तर चुकणारच. अवजलाचा, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्याचा, वेगळा रकाना हवा.

आणि सर्वांत मोठी अडचण तांत्रिक नाहीच. पाणलोटाला ग्रामसभा नाही, बँक खातं नाही, ठराव करणारं कुणी नाही. पाणलोट समिती कार्यक्रम संपला की विरते. नियोजनाला पाणलोट उत्तम, हिशेबाला निरुपयोगी.

वनखात्याची बीट आणि कक्ष

कक्ष म्हणजे वनाचा क्रमांक दिलेला तुकडा. कक्ष क्रमांक हे वनखात्याचं सगळ्यांत स्थिर एकक. कार्य आयोजना त्यावरच लिहिली जाते, रोपवनाची नोंद त्यावरच होते. नकाशे बऱ्याचदा चार इंचाला एक मैल, म्हणजे १:१५,८४० या प्रमाणावरचे. पण ते वनाच्या आतच बोलतात. ज्या जिल्ह्यांत वनखात्याच्या ताब्यातली जमीन थोडी आणि झाडी बरीचशी खासगी, तिथे (रत्नागिरी-सिंधुदुर्ग हे त्यातलेच) कक्ष हे सामाईक एकक होऊच शकत नाही. शिवाय १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याच्या नोंदी, आंबोली-गेळे-चौकुळचा कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न, असे धागे कक्षाच्या नकाशात दिसत नाहीत. ते सातबाऱ्याच्या इतर हक्कांत दिसतात. कक्ष हा तक्त्यातला एक रकाना म्हणून घ्यावा, पाया म्हणून नाही.

जाळी, तालुका की गाव: पश्चिम घाटाचा धडा

एकाच डोंगररांगेतला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग ठरवायला दोन समित्यांनी दोन एककं वापरली, आणि त्यांची तुलना पुढ्यात तयार आहे. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये पाच मिनिटे गुणिले पाच मिनिटे, म्हणजे साधारण ९ किलोमीटरच्या चौकोनांची जाळी टाकली, चौकोनांना गुण दिले आणि शेवटी वर्गवारी तालुक्यांवर नेली. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये उपग्रहचित्रांवरून नैसर्गिक भूभाग वेगळा काढला आणि गाव हे एकक धरलं. गावाचं २० टक्के किंवा अधिक क्षेत्र संवेदनशील भरलं तर पूर्ण गाव यादीत. केंद्राच्या मसुद्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे.

दोन्हींत एकच दुखणं वेगवेगळ्या जागी बाहेर आलं. तालुका घेतला तर सह्याद्रीच्या माथ्यापासून खालच्या भातशेतीपर्यंत सगळ्याला एकच शिक्का बसतो. गाव घेतलं तर २१ टक्क्यांचं गाव पूर्ण आत, १९ टक्क्यांचं पूर्ण बाहेर, मग दोघांची जंगलं एकमेकांना लागून का असेनात. म्हणून मोजणी बारीक एककावर केली तरी निर्णय ज्या एककावर सांगणार, त्याच्या काठावरच्या गावांची यादी आधी काढावी. उंबरठा वीस टक्के असेल तर पंधरा ते पंचवीस टक्क्यांमधली सगळी गावं हाताने तपासावीत. बहुतेक हरकती तिथूनच येतात.

चौकोनी जाळी मोजणीला सोयीची, वर्षानुवर्षं न बदलणारी. पण चौकोनाला तलाठी नाही. एवढ्यावरच तो पर्याय मागे पडतो.

किनारा: इथे रेघच हलती

किनारपट्टी नियमनाची रेघ कमाल भरतीरेषेपासून मोजतात. पण २०१९ च्या अधिसूचनेत गावाची हद्द मागच्या दाराने आत आलेली आहे. ग्रामीण किनाऱ्यावर २०११ च्या जनगणनेनुसार घनता चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर ना-विकास क्षेत्र ५० मीटर, कमी असेल तर २०० मीटर. आता हिशेब पाहा. गावाची लोकसंख्या ३,००० आणि क्षेत्र ३ चौरस किलोमीटर, तर घनता १,०००, म्हणजे २०० मीटर. तीच वस्ती, पण मागचा ओसाड सडा वेगळं महसुली गाव असता आणि क्षेत्र १.२ चौरस किलोमीटर उरलं असतं, तर घनता २,५०० आणि ना-विकास क्षेत्र ५० मीटर. घरं तीच, माणसं तीच, भरतीही तीच. म्हणून किनाऱ्यावरच्या गावाची हद्द ‘सोयीसाठी’ दुरुस्त करण्याआधी तिचा हा परिणाम तपासायलाच हवा.

स्थानिक पातळीच्या किनारा नकाशासाठी १:३,९६० हे प्रमाण का, याचं उत्तरही शंकू साखळीत सापडतं: एका इंचाला ३३० फूट, म्हणजे बरोबर दहा साखळ्या. गाव नकाशावर थेट बसवता यावं म्हणून ते तसं. १:२५,००० च्या नकाशावर एका मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर असते. ५० मीटरचा निर्णय तिच्यावरून देऊ नये.

कांदळवनाचा गुंता आणखी वेगळा. खारबांध फुटला, शेत पडीक पडलं, दहा-पंधरा वर्षांत तिवरं उभी राहिली. आता सातबारा म्हणतो खासगी खार जमीन, खारभूमी खात्याच्या कागदावर ते योजनेचं लाभक्षेत्र आणि उपग्रहचित्र म्हणतं कांदळवन. तिघंही आपापल्या तारखेला खरे. इथे एक हद्द ‘बरोबर’ ठरवायचा हट्ट धरू नका. तिन्ही रेघा तारखेसह ठेवा.

समुद्रात तर शीव नाहीच. राज्याचा अधिकार १२ सागरी मैलांपर्यंत, मासेमारीच्या पद्धतींवरचे निर्बंध खोलीच्या हिशेबात, आणि मालवणचं सागरी अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचं स्वतंत्र कुंपण. गावाच्या हद्दी समुद्रात लांबवून ‘गावाचं पाणी’ काढायचा मोह नकाशा करणाऱ्यांना होतो. तो टाळावा. मच्छीमार सहकारी संस्था आणि मासळी उतरवण्याचं बंदर ही जोडणी जास्त खरी असते.

मेळाचा तक्ता: रेघा तशाच, हिशेब एक

पाया महसुली गाव, आणि त्याला बाकी सगळ्या हद्दी छेदून तयार केलेला एकच तक्ता, हा कोकणात टिकणारा मार्ग आहे. कुणाचीच रेघ हलत नाही, म्हणून कुणाची हरकत येत नाही. काम मात्र नीट करावं लागतं.

संगणकावरच्या नकाशाचे सर्व थर एकाच निर्देशांक पद्धतीत आणा. कोकण पूर्णपणे यूटीएम ४३ उत्तर पट्ट्यात येतं, ईपीएसजी क्रमांक ३२६४३. जुने टोपोशीट (सर्वेक्षण खात्याचे नकाशे) एव्हरेस्ट या जुन्या भूमापन संदर्भावरचे असतात. ते तसेच वापरले तर कोकणात साधारण शंभर ते दीडशे मीटरची सरक दिसते. सगळ्या वनहद्दी एकाच दिशेने, एकाच अंतराने सरकलेल्या दिसल्या तर अतिक्रमण शोधायला निघू नका, आधी संदर्भ तपासा.

गाव नकाशा बसवताना तीन गावांच्या शिवा मिळतात ते दगड सगळ्यांत भरवशाचे, कारण ते तीन नकाशांवर असतात. प्रत्येक नकाशाला निदान सहा बिंदू घ्या, शिवाय दोन-तीन बिंदू बाजूला ठेवून त्यांच्यावर चूक तपासा. बसवायला वापरलेल्या बिंदूंवरची चूक नेहमी गोडच दिसते. रोव्हरने (उपग्रहावरून जागा मोजणाऱ्या यंत्राने) बिंदू सेंटिमीटरमध्ये मिळतो, पण दगडच हलवलेला असेल तर चुकीची जागा सेंटिमीटरच्या अचूकतेने मिळते. वनहद्दीच्या बुरुजांचंही तेच. शेजारच्या तालुक्यांचे थर वेगवेगळ्या वेळी अंकित झालेले असतात, त्यांच्या कडेला फटी आणि एकमेकांवर चढलेले भाग हमखास सापडतात. त्या आधी मिटवा.

मग थर एकमेकांवर ठेवून छेद घ्या, आणि लगेच बारीक चिरोट्यांचा, म्हणजे रेघा न जुळल्याने पडलेल्या अरुंद तुकड्यांचा, पाऊस पडेल. बहुतेक जण इथे चुकतात: ‘एक हेक्टरपेक्षा लहान ते काढून टाका.’ दोन किलोमीटर लांब आणि २५ मीटर रुंद चिरोटी पाच हेक्टरांची भरते आणि या चाळणीतून सहीसलामत निसटते. क्षेत्राऐवजी सरासरी रुंदी पाहा: क्षेत्राची दुप्पट भागिले परिमिती. वरच्या चिरोटीला ती जेमतेम २५ मीटर येते. दोन थरांच्या चुकांची बेरीज ४० मीटर असेल तर त्याहून अरुंद सगळे तुकडे संशयित, मग त्यांचं क्षेत्र काही असो.

तक्त्यात प्रत्येक तुकड्याची एक ओळ: गाव कोड, ग्रामपंचायत, वन कक्ष, पाणलोट कोड, महसूल मंडळ, क्षेत्र हेक्टरांत, स्रोत, अचूकता, तारीख. टक्केवारीचे दोन रकाने हवेतच: गावाचा किती भाग या पाणलोटात आणि पाणलोटाचा किती भाग या गावात. गावाचा फक्त १२ टक्के भाग एखाद्या पाणलोटात असेल, पण तोच त्या पाणलोटाचा ६० टक्के असू शकतो. एकच रकाना ठेवला की हे गाव आराखड्यातून गळतं आणि पाणलोटाचा माथाच जातो.

‘मंडळ’ शब्दावर खास लक्ष ठेवा. महसूल मंडळ वेगळं, कृषी मंडळ वेगळं, वनखात्याचं परिमंडळ तिसरंच. आंबा-काजूच्या फळपीक विम्याचं एकक महसूल मंडळ आहे. कृषी मंडळाची यादी तिथे जोडली तर तक्ता दिसायला बिनचूक, उत्तर मात्र भलतं.

लोकसंख्या क्षेत्राच्या प्रमाणात वाटू नका. कोकणात सड्यावर माणूस नसतो आणि वाड्या रस्त्याच्या किंवा ओढ्याच्या कडेने माळेसारख्या असतात. वाड्यांचे बिंदू घ्या, प्रत्येक वाडीची घरसंख्या ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीवरून घ्या, आणि बिंदू ज्या तुकड्यात पडेल तिथे माणसं मोजा.

वादाच्या ठिकाणी तक्ता करणाऱ्याने निकाल द्यायचा नाही. शिवेचा वाद मिटवायचा अधिकार महसूल संहितेच्या कलम १३३ खाली आहे, नकाशाच्या थराला नाही. ‘वादग्रस्त’ अशी खूण, दोन्ही बाजूंच्या रेघा आणि संयुक्त पाहणीची तारीख, एवढंच. शंभर-सव्वाशे गावांच्या तालुक्याला दोन जाणत्या माणसांनी बसून केलं तर टेबलावरचं काम साधारण तीन आठवड्यांत होतं. संयुक्त पाहणी किती चालेल ते साहेबांच्या दौऱ्यांवर.

कुणी काय निवडावं

निधी वाटप, हजेरी, मालमत्ता नोंद हे काम असेल तर महसुली गाव, डोळे मिटून. मृद-जलसंधारणाचे उपचार ठरवायचे असतील आणि क्षेत्र घाटपायथ्याचं असेल तर आधी तपासा: दहातल्या आठ गावांचं ८० टक्क्यांहून जास्त क्षेत्र एकेकाच पाणलोटात पडत असेल तर पूर्ण गावांचे गट करा, तक्त्याच्या भानगडीत पडू नका. खाडीकाठी ही चाचणी सहसा नापास होते, तिथे तक्ता करावाच लागतो आणि दोन्ही काठ एका आराखड्यात घ्यावे लागतात. म्हाप्रळ आणि आंबेत समोरासमोर आहेत. त्यातलं एकच गाव धरून सावित्रीच्या खाडीचा आराखडा करणं म्हणजे अर्ध्या होडीला डांबर लावणं. खारपट्ट्यात योजनेचा बांध हे एकक. सरहद्दीच्या नद्यांना, म्हणजे गोव्याच्या बाजूला तेरेखोल आणि तिलारीला, पलीकडच्या राज्याचा थर मिळेपर्यंत रिकामे रकाने रिकामेच ठेवा, अंदाजाने भरू नका.

आणि तक्ता कुठल्या एका खात्याच्या संगणकात ठेवू नका. जिल्हा नियोजन समितीच्या कार्यालयात मूळ प्रत, प्रत्येक खात्याला वाचायला प्रत, बदल मात्र ज्याची रेघ त्यानेच कळवायचा. कोड बदलला तर जुनी ओळ पुसायची नाही, तिच्यापुढे ‘अमुक तारखेपर्यंत’ असं लिहून नवी ओळ खाली घालायची. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, पण २०११ च्या जनगणनेत डहाणू, वसई, जव्हार ठाण्यातच सापडतात. जुनी ओळ ठेवली असेल तर दोन्ही आकडे दोन मिनिटांत जुळतात.